भिंतीवरची उंच खुर्ची

आमच्या गल्लीत नकोशी झालेली वस्तू कुणी फेकत नाही. घरासमोरच्या बुटक्या विटांच्या भिंतीवर ठेवतात आणि तिला एक चिठ्ठी चिकटवतात, ‘घेऊन जा’. संध्याकाळपर्यंत ती कुणाच्या तरी घरात पोचलेली असते. कुणी विचारत नाही, कुणी आभार मानत नाही. आमच्याकडची चहाची किटली, पुस्तकांचं कपाट, आमच्या तान्ह्या नेलची बाबागाडी, सगळं असंच भिंतीवरून आलेलं. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. उलट चांगली वस्तू वेळेवर हेरणं हे यॉर्कमध्ये शहाणपणाचं लक्षण समजतात, आणि त्या बाबतीत गल्लीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं.

कारण मी खिडकीत असते. नेल झाल्यापासून झोप अशी राहिलीच नाही. तिला खांद्यावर टाकून वरच्या खिडकीशी उभं राहिलं की ती जरा शांत होते, आणि उभं राहिलं की दिसतंच. कुणाचं पार्सल पायरीवर पावसात भिजतंय, कुणाच्या गाडीचे दिवे चालू राहिलेत, कुठला अनोळखी माणूस दोनदा गल्लीतून गेला. मी लगेच गल्लीच्या ग्रुपवर टाकते. तो ग्रुप चालवतेही मीच. शेजारची पॉलीन मला फौजदारीणबाई म्हणते. मला ते आवडायचं.

हिवाळा संपता संपता ऊझ नदी चढली. ती दरवर्षी चढते, गल्लीच्या टोकापर्यंत येते, कचऱ्याचे दोनचार डबे वाहून नेते आणि परत जाते. यंदा मात्र खालच्या अंगाच्या घरांच्या तळघरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर पहिलं ऊन पडलं तशी माणसांनी तळघरातलं सगळं बाहेर आणून भिंतींवर मांडलं. सतरंज्या, खोकी, शिडी, कुणाच्या तरी लग्नातले बूट. पूर आला की भिंती वाळवणासाठी असतात, द्यायच्या वस्तूंसाठी नसतात. हे इथं लहान पोरालाही कळतं. मलाही माहीत होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःची बरीच समजूत घातली.

दोन दिवसांत बहुतेकांनी आपापलं सामान आत नेलं. हॉल्डनबाईंच्या भिंतीवर मात्र एक लहान मुलाची उंच खुर्ची तशीच राहिली. लाकडी, जुन्या पद्धतीची, पुढे जेवणाची फळी असलेली. हॉल्डनबाई समोरच्या ओळीत राहतात, एकट्या, ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या घरात लहान मूल येताना मी कधी पाहिलं नव्हतं. नेल तेव्हा नुकती बसायला लागली होती, आणि मी रोज प्लॅस्टिकच्या खुर्च्यांबद्दल काहीबाही वाचून घाबरत होते. वारं सुटलं होतं. मी बाबागाडी थांबवून खुर्चीभोवती फिरले, चिठ्ठी शोधली. चिठ्ठी नव्हती. उडाली असेल, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, नेलला ऐकू जाईल असं.

घराचे पडदे ओढलेले होते. घंटा वाजवायला कितीसा वेळ लागला असता? पण विचारलं तर त्या नाही म्हणू शकल्या असत्या. मी खुर्ची बाबागाडीवर आडवी टाकली आणि रस्ता ओलांडला.

संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं, गॅरेथनं विचारलं, चिठ्ठी होती ना? मी म्हणाले, हो. इतक्या सहज म्हणाले की तो लगेच दुसऱ्या विषयावर गेला.

दुसऱ्या दिवशी नेल झोपल्यावर मी खुर्ची मागच्या अंगणात घेतली. जुन्या रंगात शिसं असतं असं मी वाचलं होतं, म्हणून तपासणीच्या कांड्या मागवल्या होत्या. शिसं निघालं नाही. तरी मी तोंडाला फडकं बांधून खुर्ची पॉलिशपेपरनं घासून काढली. पाय, पाठ, हात. सगळ्यात जास्त वेळ गेला फळीच्या पुढच्या कडेवर. ती कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक बारीक खाचांनी भरलेली होती. तळघरातले उंदीर, माझ्या मनात आलं. नेल हातात येईल ते तोंडात घालत होती. मी ती कड घासत राहिले, बोट फिरवून पाहिलं, परत घासली. शेवटी ती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. वर फिकट शेवाळी रंगाचे दोन हात दिले.

खुर्ची सुंदर दिसायला लागली. नेल तिच्यात बसून फळीवर चमचा आपटायची आणि मी पुढे बसून तिला उकडलेलं गाजर भरवायचे. तिचे खूप फोटो काढले. मी ग्रुपवर काहीही टाकते, शिळ्या पावाच्या पुडिंगचा फोटोसुद्धा. खुर्चीचा एकही टाकला नाही. का, ते मी स्वतःला विचारलं नाही.

हॉल्डनबाई त्या आठवड्यात घरी नव्हत्याच. खुर्ची वाळत घातली आणि त्याच दुपारी त्यांचा भाचा अचानक गाडी घेऊन आला. स्कारबरोला त्यांच्या बहिणीला बरं नव्हतं. घाईघाईत त्या निघून गेल्या. हे सगळं मला नंतर कळलं, त्यांच्याच तोंडून, माझ्याच दारात.

त्या परत आल्यावर एका दुपारी घंटा वाजली तेव्हा नेल स्वयंपाकघरात खुर्चीत होती. मी दार उघडलं तर पायरीवर हॉल्डनबाई. राखी कोट, गळ्याशी नीट बांधलेला रुमाल, हातात हातमोजे. इतकी वर्षं समोर राहून त्या माझ्या दारात पहिल्यांदाच आल्या होत्या. मी बाहेर पायरीवर आले आणि पाठीमागे दार ओढून घेतलं, पूर्ण नाही, फटीएवढं ठेवून.

“हेस्टर, बाळ, जेवायच्या वेळी आले का मी? अडचण नाही ना?”

मी म्हणाले, अजिबात नाही.

त्यांनी खुर्चीचं विचारलं. अगदी संकोचून, जणू चोरी त्यांनीच केली होती. चूक माझीच हो, म्हणाल्या, असं बाहेर टाकून जायचं का कुणी. कुणाला वाटलं असेल न्यायची आहे. मी सगळ्या घरी विचारत चाललेय. कुणी नेली असेल तर राग नाही, फक्त परत हवी आहे. ईस्टरला नात येतेय अ‍ॅबर्डीनहून, तिचं बाळ घेऊन. फर्गस. मी अजून त्याला पाहिलेलं नाही.

मग त्या हसल्या. “आमच्याकडची सगळी पोरं त्या खुर्चीत बसलेली. माझे वडील, मी, माझे भाऊ, माझी मुलं, नातवंडं. दात यायला लागले की प्रत्येकानं तिची फळी चावलेली. कडेला बघशील तर ओळच्या ओळ दातांच्या खुणा. माझी आई बोट ठेवून सांगायची, हा तुझा, हा आर्थरचा. फर्गसला आता दात येतायत म्हणे. माझ्या मनात फार आहे, त्यानंही एकदा चावावं.”

आतून चमच्याचा आवाज येत होता. ठक, ठक, ठक. नेलचा हात चांगला जोरकस आहे.

“तू तर खिडकीत असतेस,” हॉल्डनबाई म्हणाल्या. “तुझ्या नजरेतून काही सुटत नाही असं पॉलीन म्हणते. कुणी नेताना दिसलं का गं?”

“नाही,” मी म्हणाले. “त्या दिवसांत नेलला बरं नव्हतं. मी मागच्या खोलीत असायचे.”

नेलला काहीही झालेलं नव्हतं. माझ्या निरोगी मुलीला मी उभ्या उभ्या आजारी केलं. हॉल्डनबाईंचा चेहरा लगेच काळजीनं भरला. आता कशी आहे, ताप होता का, त्यांनी विचारलं. मी म्हणाले आता बरी आहे. त्या म्हणाल्या, आवाजावरून चांगली टणक वाटते. मग हातमोजे घालून त्या पुढच्या घराकडे गेल्या.

मी आत आले. नेल फळीवरचं गाजर कुस्करत होती. मी तिच्या हाताखालून त्या कडेवर बोट फिरवलं. सगळीकडे सारखी, गुळगुळीत. वडील, आर्थर, मुलं, नातवंडं. माझ्याच हातानं घासून त्यांची भुकटी मी अंगणातून झाडून कचऱ्यात टाकली होती. मी तिथंच जमिनीवर बसले. उंदीर समजले मी त्यांना.

त्याच वेळी उठून खुर्ची घेऊन त्यांच्या मागे जायला हवं होतं. त्या तेव्हा दोनच घरं पुढे गेल्या असतील. मी म्हटलं, आधी काहीतरी उपाय बघते. कसला उपाय? चाकूच्या टोकानं खाचा पाडून बघायचं? हेही खरंच माझ्या डोक्यात आलं.

पॉलीननं शोध हाती घेतला तेव्हा गोष्ट माझ्या हाताबाहेर गेली. पॉलीन साठीची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, आवाज अजून पन्नास पोरांना रांगेत उभं करणारा. तिनं ठरवून टाकलं की खुर्ची कोपऱ्यावरच्या घरातल्या विद्यार्थ्यांनी नेली. तिथं विद्यापीठातल्या तीन मुली भाड्यानं राहतात. भिंतीवरच्या वस्तू त्याही नेतात, रिकाम्या घराला सगळंच लागतं. पॉलीनच्या मते एवढा पुरावा पुष्कळ होता.

ती मला रस्त्यात भेटली. मी बाबागाडी घेऊन दुधाला निघाले होते. “चल गं फौजदारीणबाई,” म्हणाली, “तू साक्षीला उभी राहा, बोलायचं काम माझं.” मी म्हणाले, नेलला झोप आलीय. ती म्हणाली, झोपू दे की गाडीत, आरडाओरडा थोडाच करणारे मी.

मी गेले. हे कसं झालं ते मला अजून नीट सांगता येत नाही. पाय गेले.

दार टॅमसिन नावाच्या मुलीनं उघडलं. झोपेतून उठलेली, अंगात कुणाचा तरी मोठा स्वेटर. पॉलीननं खरंच आरडाओरडा केला नाही. ती गोड बोलली, आणि ते ऐकायला जास्त वाईट होतं. म्हातारी बाई आहे पोरी, वाळत घातलेली वस्तू होती, तुम्हाला इथल्या रीती कुठून माहीत असणार, आणून ठेवा, कुणी काही बोलणार नाही. टॅमसिन म्हणाली, आम्ही खुर्ची नेलेली नाही. पॉलीन म्हणाली, हो, हो, लगेच सांगायला नको, मैत्रिणींना विचार. टॅमसिनच्या मानेपासून कानांपर्यंत लाली चढत गेली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. नेल कधी माझ्या कडेवर असते, कधी गाडीत, रस्त्यात दिसली की ही मुलगी थांबून तिच्याशी बोबडं बोलते. तिला वाटलं असणार, ही तरी काही म्हणेल.

मी वाकून नेलचं पांघरूण सारखं केलं.

संध्याकाळी ग्रुपवर सुरू झालं. नाव कुणी घेतलं नाही, आमच्याकडे तसं घेत नाहीत. कुणी लिहिलं, भाडेकरू येतात आणि जातात, गल्ली आपल्यालाच सांभाळायची आहे. कुणी लिहिलं, आमचीही कुंडी मागे गेली होती. एकानं घरमालकाचा फोन नंबर मागितला. ग्रुप माझा. असलं काही सुरू झालं की मी एरवी लगेच दटावते. त्या दिवशी मी फोन उपडा ठेवला आणि नेलला अंघोळ घातली.

दोन दिवसांनी हॉल्डनबाईंच्या पायरीवर एक उंच खुर्ची आली. प्लॅस्टिकची, निळी, जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानातली असावी, पण घासूनपुसून लख्ख केलेली. ती टॅमसिननं आणून ठेवली. मी तिला ठेवताना पाहिलं, खिडकीतूनच. तिनं घंटा वाजवली नाही. खुर्ची ठेवली, थोडी सरळ केली आणि परत गेली.

पॉलीन भिंतीवरून वाकून मला म्हणाली, “बघितलंस? मन खातंय. नेली नसती तर दुसरी कशाला आणून ठेवली असती? मूळची खुर्ची तर विकून टाकली असणार पोरींनी.”

मी म्हणाले, कदाचित वाईट वाटलं असेल म्हणून आणली असेल.

पॉलीन हसली. “तू फार भोळी आहेस गं बाई.”

त्या रात्री जेवताना गॅरेथनं फोन बघता बघता विचारलं, ही कुठली खुर्ची, ज्याच्यावरून सगळे पेटलेत? तो रेल्वेत आहे, त्याच्या पाळ्या अशा की गल्लीतलं त्याला आठवडाभरानं कळतं. मी नेलला गाजर भरवत राहिले. त्यानं मान वर केली आणि नेलकडे पाहिलं. म्हणजे नेलच्या खालच्या खुर्चीकडे पाहिलं.

“तू म्हणालीस चिठ्ठी होती.”

“नव्हती.”

तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं उपाय सुचवला. उद्या पहाटे मी कामावर निघतो तेव्हा रस्त्यात चिटपाखरू नसतं, खुर्ची त्यांच्या भिंतीवर ठेवून जातो. त्यांना खुर्ची मिळेल, विषय संपेल. ईस्टर परवावर आलाय. कशाला सगळ्यांसमोर शोभा करून घ्यायची? आपल्याला इथंच राहायचंय, नेल इथल्याच शाळेत जाणार आहे.

मला ते किती पटलं हे लिहायला लाज वाटते. सगळ्या गोष्टी त्यात नीट बसत होत्या. फक्त एक सोडून. सकाळी भिंतीवर खुर्ची दिसली की पॉलीन काय म्हणणार ते मला तिच्या आवाजात ऐकू येत होतं. घाबरल्या पोरी, आणून टाकली, वर रंग मारून.

“नको,” मी म्हणाले. “मी नेते. दिवसा.”

“काय सांगणार?”

मी फळीवर सांडलेलं पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या आदल्या दिवशी, लख्ख ऊन पडलं होतं. नेमकं तेव्हाच गल्लीत सगळे बाहेर. कुणी खिडक्या पुसतंय, कुणी दाराला पिवळ्या फुलांचं कडं अडकवतंय. गावातून मिन्स्टरच्या, आमच्या मोठ्या चर्चच्या, घंटांचा सराव ऐकू येत होता. मी नेलला गॅरेथकडे दिलं आणि खुर्ची उचलली. ती हलकी नाही. फळी छातीशी, पाय बाहेरच्या बाजूला, चालताना माझ्या गुडघ्यांना लागत होते. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत रस्त्याची रुंदी ती काय. पण पॉलीन बादली घेऊन पायरी धूत होती, आणि मी फाटकाबाहेर पडले तेव्हा तिच्या हातातला ब्रश थांबला. मी तिच्याकडे पाहिलं नाही.

हॉल्डनबाईंनी दार उघडलं. अंगात एप्रन होता, घरात बदामाचा वास, उद्याचा केक भट्टीत असावा. मागे जेवणाच्या टेबलाशी ती निळी प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली दिसत होती, तिच्यावर विणलेली छोटी गादी. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. रंगामुळे त्यांना ओळखायला क्षणभर लागलं.

मी पाठ करून गेले होते, त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणाले, मी नेली होती. चिठ्ठी नव्हती, मला दिसलं होतं नाहीये ते. तुम्ही विचारायला आलात तेव्हा मी खोटं बोलले. रंग मी दिला. आणि कड मी घासली, मला वाटलं उंदरांनी कुरतडलीय.

त्यांनी हात पुढे करून फळीच्या कडेवर बोट ठेवलं. डावीकडून उजवीकडे नेलं. मग परत उजवीकडून डावीकडे, हळू, एका ठिकाणी जरा थांबून. तिथं काही नव्हतं. मला माहीत होतं तिथं काही नाही. तरी मीही त्या बोटाकडे बघत होते, एखादी तरी खूण राहिली असेल म्हणून.

“छान रंग आहे,” त्या म्हणाल्या.

आमच्याकडे असंच बोलतात. त्यांच्या आवाजात उपरोध अजिबात नव्हता. रंग खरोखर छान आहे.

मी म्हणाले, मला खूप खूप वाईट वाटतंय. त्यांनी मान हलवली, जशी पाऊस थांबला असं कुणी सांगितल्यावर हलवतात. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“मी तुझ्या दारात उभी होते तेव्हा बाळ याच खुर्चीत होतं?”

“हो.”

“तो चमचा.”

“हो.”

“मी घरी येऊन बहिणीला फोनवर सांगितलं,” त्या म्हणाल्या, “समोरच्या पोरीचं बाळ आजारातून उठलंय, किती छान चमचा वाजवतंय. मला बरं वाटलं होतं.”

खुर्ची अजून माझ्या छातीशीच होती.

“ठेव तिथं,” त्यांनी दाराच्या आतला कोपरा दाखवला. मी ठेवली. आणून दिल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. केक बघायला हवा म्हणाल्या, आणि अगदी हलक्या हातानं दार लावून घेतलं. चहाचं त्यांनी विचारलं नाही. या गल्लीत गॅसचा मीटर बघायला आलेल्या माणसालाही चहा विचारतात.

मी वळले तर पॉलीन रस्ता ओलांडून हॉल्डनबाईंच्या भिंतीशी येऊन उभी होती, ओल्या हातांनी, चेहरा उजळलेला.

“मिळाली का गं? मी म्हणतच होते तू शोधून काढशील. कुठं टाकली होती त्या पोरींनी?”

प्रश्न इतका सोपा होता. मी फक्त एखाद्या जागेचं नाव घ्यायचं होतं. नदीकाठचा रस्ता, गावाच्या जुन्या तटाखालचं गवत, कुठलंही. पॉलीननं ते विश्वासानं सगळ्यांना सांगितलं असतं, आणि संध्याकाळी ग्रुपवर माझंच कौतुक झालं असतं. समोर आमच्या खिडकीत गॅरेथ नेलला घेऊन उभा होता. नेलनं काचेवर हात टेकवला होता.

“माझ्या स्वयंपाकघरात होती,” मी म्हणाले. “मीच नेली होती. त्या मुलींचा काही संबंध नाही.”

पॉलीनला आधी ते कळलं नाही. ती हसायच्या बेतात होती. मग कळलं, आणि तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला. मी वाट बघत होते ती काहीतरी लागेल असं बोलेल, तिला छान बोलता येतं. तिनं हात एप्रनला पुसले.

“पण तू आलीस ना माझ्याबरोबर त्यांच्या दारात,” ती म्हणाली. “उभी होतीस की माझ्या शेजारी.”

“हो.”

“मला बोलू दिलंस.”

ती रस्ता ओलांडून परत गेली आणि बादली उचलून आत शिरली. पायरी अर्धीच धुतलेली राहिली.

मी तिथून घरी गेले असते. घर समोरच होतं, दार उघडं होतं. पण मला वाटलं, आत गेले की मी बाहेर यायची नाही, आणि मग एखादा मेसेज लिहीन, चांगला, विचार करून लिहिलेला. म्हणून मी तशीच कोपऱ्यापर्यंत चालत गेले. दोन्ही बाजूंच्या खिडक्या मला कळत होत्या. इतके महिने मी आतून बाहेर बघत आले, बाहेरून त्या कशा दिसतात ते मला माहीत नव्हतं. काचेत आभाळच दिसतं, मागं कुणी आहे की नाही कळत नाही, आणि आहे असंच वाटत राहतं.

विद्यार्थ्यांच्या घरात रेडिओ चालू होता. मी कडी वाजवली आणि तो एकदम बंद झाला. आत कुजबुज झाली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग टॅमसिननं दार उघडलं, पूर्ण नाही, फटीएवढं, आणि स्वतः त्या फटीत उभी राहिली. मला पाहून तिच्या मानेवर तीच लाली चढायला लागली.

“माफ करा,” ती घाईनं म्हणाली. “रेडिओ मोठा होता का? बाळ झोपलं होतं का? आमच्या लक्षात नाही आलं. आणि ती निळी खुर्ची, हॉल्डनबाईंना ती आवडली नसेल तर आम्ही परत घेऊन येऊ. आम्हाला काही तसं म्हणायचं नव्हतं, खरंच, माफ करा.”

ती थांबेचना. मी मध्ये बोलायला तोंड उघडत होते आणि ती आणखी एकदा माफी मागत होती. शेवटी मी हात वर केला, रस्त्यात गाडी थांबवायला करतात तसा, आणि ती गप्प झाली. माझं बोलणं ऐकायला तिच्या मागे दुसऱ्या दोघीही येऊन उभ्या राहिल्या.